पगारातून मोटार : पण कोणाच्या पगारातून?

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी आत्याकडे बेटम्याला गेलो होतो. हे गाव आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच माहीत असेल. इंदूरहून धारकडे आणि पुढे अहमदाबादकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे ते एक लहानसे नगर. गावात प्रसिद्ध गुरुद्वारा आहे, भोवती सोयाबीन-गव्हाची शेती आहे आणि जवळच पीथमपूरची औद्योगिक वसाहत आहे. पीथमपूर म्हणजे मोटारींचे गाव. ट्रक तेथे तयार होतात, टेम्पो तेथे तयार होतात, त्यांचे सुटे भाग तयार करणारे लहानमोठे कारखाने तर कितीतरी. गाड्यांची चाचणी घेण्यासाठी ११.३ किलोमीटर लांबीचा वर्तुळाकार रस्ताही तेथे बांधला आहे. २०२१ साली त्याचे उद्घाटन झाले. अशा गावाच्या शेजारी राहणाऱ्या माणसाच्या दारात मोटार असावी यात नवल नाही. आत्याच्या दारातही एक नवी कोरी मोटार उभी होती.

माझा आतेभाऊ पीथमपूरच्या एका कारखान्यात अधिकारी आहे. मी कौतुकाने विचारले, "दादा, केवढ्याला घेतलीस?" तो हसून म्हणाला, "घेतली नाही रे. पगारातून कापून जाते." वहिनी स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "आणि गाडीच्या कागदावर आमचं नावसुद्धा नाही!"

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे माझे कान टवकारले. पुढचे दोन दिवस मी दादाकडचे कागद वाचण्यात घालवले. ते वाचून जे मत बनले ते येथे मांडतो आहे. ते सर्वांना पटेल असे नाही. परंतु आपल्यापैकी अनेकजण तीन-चार वर्षांत कुठल्या ना कुठल्या कारखान्यात, बँकेत अगर संगणक कंपनीत नोकरीला लागतील, आणि नेमणुकीच्या पत्रासोबत हाच कागद त्यांच्याही पुढे येईल. तेव्हा आधी विचार केलेला बरा.

ही योजना काय आहे ते प्रथम पाहू. नोकर म्हणतो, माझ्या पगारातील अमुक इतकी रक्कम मला रोख देऊ नका, तिच्याऐवजी मला मोटार द्या. मालक एका भाडेकंपनीशी करार करतो. ती कंपनी गाडी विकत घेते व तीन ते पाच वर्षांच्या मुदतीने भाड्याने देते. भाडे, विमा, दुरुस्ती, कधी कधी इंधनही, हे सारे मालक भरतो आणि तेवढी रक्कम नोकराच्या एकूण मोबदल्यातून वजा करतो. मुदत संपली की ठरलेली उरलेली किंमत भरून नोकराने गाडी विकत घ्यावी, नाहीतर परत करावी. इंग्लंडमध्ये याला 'सॅलरी सॅक्रिफाइस' म्हणतात, म्हणजे पगाराचा त्याग. आपल्याकडे नुसते 'कार लीज' म्हणतात. नाव कोणतेही असो, यात मालकाच्या पदरचे फारसे काही जात नाही, हे आरंभीच ध्यानात घ्यावे. मोटार नोकराच्याच पगारातून येते.

मग फायदा कशाचा? फायदा आयकराचा. १९६२ च्या आयकर नियमांतील तिसऱ्या नियमात, मालकाने दिलेल्या मोटारीची किंमत नोकराच्या उत्पन्नात किती धरायची हे सांगितले होते. गाडी काही अंशी कचेरीच्या व काही अंशी घरच्या कामासाठी वापरली जात असेल आणि खर्च मालक करीत असेल, तर १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाच्या गाडीला महिना १,८०० रुपये व त्याहून मोठ्या गाडीला २,४०० रुपये. ड्रायव्हर असल्यास आणखी ९००. प्रत्यक्षात भाडे तीस हजार असो की पन्नास हजार, उत्पन्नात धरायचे ते एवढेच. २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंत हे आकडे लागू होते. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा अंमलात आला आहे, तेव्हा करार करणाऱ्याने त्या वर्षाचा आकडा पाहूनच हिशेब करावा. मी खालील उदाहरणे २०२५-२६ च्या नव्या करपद्धतीच्या दरांनी मांडली आहेत. आकडे बदलतील, परंतु हिशेबाचे तत्त्व बदलणार नाही.

समजा, तीन माणसे एकाच कारखान्यात आहेत. तिघांनीही इंधन, विमा, दुरुस्ती धरून महिना ३०,००० रुपयांची, म्हणजे वर्षाला ३,६०,००० रुपयांची लहान इंजिनाची मोटार या योजनेतून घेतली.

पहिल्याचा पगार वर्षाला ३५ लाख. त्याच्या वरच्या उत्पन्नावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के लागतो. हे ३,६०,००० रुपये त्याने रोख घेतले असते तर १,१२,३२० रुपये कर भरावा लागला असता. आता त्याच्या उत्पन्नात धरले जातात फक्त २१,६०० रुपये आणि त्यावर कर पडतो सुमारे ६,७४० रुपये. वर्षाला एक लाख पाच हजारांवर बचत. तीस हजारांची गाडी त्याला एकवीस हजार दोनशेच्या आसपास पडली.

दुसऱ्याचा पगार १४ लाख. ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन त्याचे करपात्र उत्पन्न १३,२५,००० होते आणि उपकरासह ८१,९०० रुपये कर पडतो. मोटार घेतल्यावर त्याचे करपात्र उत्पन्न दहा लाखांच्या आत येते. बारा लाखांपर्यंत सूट असल्याने कर शून्य. म्हणजे त्याचाही संपूर्ण कर वाचला.

तिसऱ्याचा पगार ११ लाख. त्याला मुळातच कर नाही. म्हणून त्याची बचतही शून्य. तीस हजारांची गाडी त्याला तीस हजारांनाच पडली. आणि ज्याचा पगार चार-पाच लाख आहे, त्याचा तर येथे प्रश्नच येत नाही.

आत्याच्या घरासमोर एक गृहस्थ राहतात. ते याच वसाहतीत यंत्रावर काम करतात. गिअरला लागणारे भाग त्यांच्या हातून रोज शेकड्यांनी तयार होतात. सकाळी सहाला ते डबा घेऊन रस्त्यावर उभे असतात आणि जी मिळेल त्या सवारी गाडीत दाटीवाटीने बसून कामावर जातात. मी त्यांना या योजनेबद्दल विचारले. ते म्हणाले, "भैया, वो तो साहब लोगों की स्कीम है." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पाऊस पडतो, ऊन पडते, तशीच ही गोष्ट, असा त्यांचा स्वर होता. मला मात्र ते वाक्य सुट्टीभर टोचत राहिले.

कारण वाचलेला कर म्हणजे काय? तो आकाशातून पडलेला पैसा नव्हे. तो सरकारी तिजोरीत गेला असता आणि त्यातून रस्ते, शाळा, दवाखाने झाले असते. म्हणजे वरच्या पगारदाराच्या मोटारीचे जवळजवळ तीस टक्के आपण सर्वांनी मिळून भरले. त्यात समोरच्या गृहस्थांचाही वाटा आला, कारण आयकर जरी ते भरत नसले तरी साबणापासून चपलेपर्यंत प्रत्येक वस्तूवर जी.एस.टी. भरतातच. ज्याला गरज कमी त्याला मदत जास्त, आणि ज्याला गरज अधिक त्याला काहीच नाही, असा हा उलटा न्याय आहे.

कोणी म्हणेल, ही सवलत कचेरीच्या कामासाठी आहे. कायदा तसेच म्हणतो, हे खरे. जी गाडी निव्वळ घरच्या कामासाठी वापरली जाते, तिचा सारा खर्च नोकराच्या उत्पन्नात धरावा असेच त्या नियमात होते. परंतु सर्वांनी मनावर हात ठेवून सांगावे : अशा किती मोटारी कचेरीच्या कामाला जातात आणि किती मुलांच्या शाळेला, बाजाराला, लग्नकार्याला? कागदावर 'अंशतः कचेरीसाठी' असे लिहिले की काम भागते. आपण वर्गात हिशेब तपासणीचे धडे घेतो, नोंद खरी असावी असे पाठ करतो, आणि नोकरीला लागताच पहिली सही अशा कागदावर करतो, याची थोडी तरी खंत वाटली पाहिजे.

सरकारला हे ठाऊक नव्हते असे नाही. २००५ साली अशा सोयींवर मालकाकडूनच कर वसूल करावा म्हणून 'फ्रिंज बेनिफिट टॅक्स' आणला गेला. तो २००९ साली रद्द झाला आणि मोटार पुन्हा नोकराच्या उत्पन्नात, त्याच ठोक आकड्याने मोजली जाऊ लागली. इंग्लंडनेही २०१७ च्या एप्रिलपासून अशा योजनांतील बहुतेक मोटारींचा करलाभ काढून घेतला. फार कमी धूर सोडणाऱ्या मोटारींपुरताच तो राखला. म्हणूनच तिकडे गेलेली आपली मराठी मुले आज पगारातून विजेची मोटार घेतात. २०२५-२६ मध्ये तिच्या छापील किमतीच्या अवघ्या ३ टक्क्यांवर त्यांना कर पडत होता. निदान तेथे सवलतीमागे हवा स्वच्छ राखण्याचा हेतू तरी आहे. मात्र त्या देशातही एक नियम आहे : पगाराचा त्याग करून रोख पगार किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये. नियम गरिबाच्या रक्षणासाठी आहे, पण परिणाम असा की सर्वांत कमी मिळवणारा तेथेही योजनेच्या बाहेरच राहतो.

आता ज्यांना योजना मिळते त्यांच्याविषयी. ते तरी सुखी आहेत काय?

दादाला गेल्या वर्षी पुण्याजवळ चाकणला नोकरी चालून आली होती. पगार बरा होता. शिवाय आत्याला आपल्या माणसांजवळ यायचे होते. त्याने कारखान्यात चौकशी केली तेव्हा कराराचे शेवटचे पान उघडले गेले. मुदतीआधी नोकरी सोडल्यास उरलेल्या भाड्याचा ठरलेला भाग एकरकमी भरावा लागेल, नाहीतर ठरलेल्या किमतीला गाडी घ्यावी लागेल. नवा मालक तो करार आपल्याकडे घेण्यास तयार नव्हता. "जवळजवळ चार महिन्यांचा पगार गाडीलाच गेला असता," दादा म्हणाला, "मग नाही गेलो." आत्या काही बोलली नाही. तिने फक्त दाराबाहेर उभ्या असलेल्या मोटारीकडे पाहिले.

ही अट सही करताना कोणी वाचून दाखवली नव्हती. तशी ती लपवलेलीही नव्हती. छापलेली होती, बारीक टाइपात. दादाने सारे लक्ष एकाच रकान्याकडे दिले : 'दरमहा करबचत'. दोष त्याचाही आहे, हे तो स्वतःच कबूल करतो.

घरी सगळे या रकमेला 'हप्ता' म्हणतात. तो हप्ता नाही, ते भाडे आहे. हप्ता फिटला की वस्तू आपली होते. भाडे कितीही वर्षे भरले तरी वस्तू दुसऱ्याचीच राहते. आपल्या कन्नड भाषक मित्रांना हा भेद चटकन कळेल, कारण त्यांच्याकडे 'कंतु' आणि 'बाडिगे' हे दोन शब्द कधी एकमेकांच्या जागी येत नाहीत. कर्जाला ते 'साल' म्हणतात. आपल्याकडे साल म्हणजे वर्ष. दादाच्या बाबतीत दोन्ही अर्थ खरे झाले. अजून दोन साले आहेत आणि तोवर तो तेथेच आहे.

याखेरीज एक गोष्ट तरुणांनी विशेष पाहावी. कापलेली रक्कम पगाराच्या कोणत्या भागातून जाते? विशेष भत्त्यातून गेली तर ठीक. मूळ पगारच कमी करून दाखवला तर त्याचे परिणाम दूरवर जातात. समजा, मूळ पगार १०,००० रुपयांनी घटवला. भविष्यनिर्वाह निधी पूर्ण मूळ पगारावर कापला जात असेल तर नोकराचे १२ टक्के व मालकाचे १२ टक्के मिळून महिना २,४०० रुपये कमी जमा होतील. दहा वर्षांच्या नोकरीनंतर ग्रॅच्युइटी पंधरा-सव्विसांशाच्या सूत्राने सुमारे ५७,७०० रुपयांनी कमी मिळेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांच्यानुसार, वेतनातून वगळलेले भत्ते वगैरे एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरची रक्कम वेतनातच धरायची आहे. त्यामुळे ही पळवाट काहीशी अरुंद झाली, हे चांगले झाले. तरी आपला पगार कसा कापला आहे हे आपणच वाचले पाहिजे.

माझे मत मोटारीच्या विरुद्ध आहे असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. मोटार ही आज चैन राहिलेली नाही. बेटम्यासारख्या गावात रात्री-अपरात्री आजारी माणसाला इंदूरला न्यायचे तर दाराशी गाडी असणे म्हणजे केवढा आधार! आत्याला गेल्या पावसाळ्यात तसे न्यावे लागले आणि याच मोटारीने ती वेळेवर पोचली. मोटारीने उपकारच केला आहे. माझी तक्रार मोटारीविषयी नाही. ती ज्या कागदावर येते त्या कागदाविषयी आहे.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली : सही घेण्यापूर्वी नोकराला एका पानावर, त्याला कळणाऱ्या भाषेत, संपूर्ण हिशेब द्यावा. एकूण भाडे किती, शेवटी द्यायची किंमत किती, दर वर्षाच्या अखेरीस नोकरी सोडल्यास भरायची रक्कम किती, आणि तीच गाडी बँकेच्या कर्जाने घेतली तर किती पडेल. केवळ करबचतीचा रकाना दाखवणे म्हणजे जमेची बाजू दाखवून नावेची बाजू झाकणे होय.

दुसरी : नोकरी बदलल्यास करार नव्या मालकाकडे अगर स्वतः नोकराकडे वाजवी दराने वर्ग करण्याची सोय असावी. भविष्यनिर्वाह निधी नोकराबरोबर जातो, मग मोटारीनेच त्याला का बांधून ठेवावे? माणूस कारखान्यात टिकावा असे मालकाला वाटत असेल तर त्याने पगार वाढवावा.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची : जो कारखाना अधिकाऱ्यांना ही सोय देतो त्याने कामगारांसाठी बस चालवावी. येथे कायदा आधीच अनुकूल आहे. मालकाने घरापासून कामापर्यंत नेण्या-आणण्यासाठी वाहन दिले तर ते नोकराचे उत्पन्न मानलेच जात नाही, मग पगार लाखाचा असो की हजाराचा. एक बस पन्नास माणसांना नेते आणि पन्नास जणांना सारखाच लाभ देते. वसाहतीतले काही कारखाने अशा बसेस चालवतात, त्या मी रस्त्यावर पाहिल्या. समोरच्या गृहस्थांच्या नशिबी ती नाही एवढेच.

आपल्या मराठीत म्हण आहे, अंथरूण पाहून पाय पसरावेत. कन्नडातही अगदी तीच : 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु'. दोन्ही भाषांतल्या शहाण्या माणसांनी एकच उपदेश केला, पण अंथरूण आपले स्वतःचे आहे हे गृहीत धरून. या योजनेत अंथरूण भाडेकंपनीचे, उशी सरकारची आणि पाय तेवढे आपले. झोप लागते, नाही असे नाही. पण उठून दुसरीकडे जायचे झाले की कळते, पाय बांधलेले आहेत.

मित्रहो, उद्या आपल्यातलेच कोणी कचेरीत बसून अशी परिपत्रके तयार करतील, कोणी त्यांचे हिशेब तपासतील, कोणी त्यांवर सह्या करतील. तिन्ही ठिकाणी बसलेल्याने एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारावा : ही मोटार कोणाच्या पगारातून चालली आहे? परतीच्या दिवशी दादा मला याच मोटारीने इंदूर स्टेशनवर सोडायला आला. सकाळचे सहा वाजले होते. समोरचे गृहस्थ रस्त्याच्या कडेला डबा घेऊन उभे होते. दादाने गाडी थांबवली व पीथमपूरच्या फाट्यापर्यंत त्यांना बसवून घेतले. मागच्या आसनावर अंग चोरून बसलेले ते गृहस्थ उतरताना म्हणाले, "बढ़िया गाड़ी है, साहब." दादा म्हणाला, "मेरी कहाँ है!" आणि तिघेही हसलो.